वड्याचं तेल वांग्यावर: बंड्या आणि शेवंतीच्या घरातल्या प्रकल्प नोंदी

घर: पुणे, कोथरूड. तळमजल्यावरचा दोन बेडरूमचा फ्लॅट. हॉलला मागच्या बाजूनं सरकती खिडकी, कट्टा जमिनीपासून ७५ सेंमी, कंपाउंडची भिंत खिडकीपासून दोन मीटरवर. वर छज्जा. पावसाळ्यात गल्लीतल्या मांजरांना कोरडी जागा तेवढीच.

मांजरं: बंड्या, केशरी बोका, वय ५, वजन ५.२ किलो. शेवंती, तिरंगी, वय ३, वजन ३.४ किलो. दोघांची नसबंदी झालेली, दोघं घराबाहेर जात नाहीत. आजवर एकाच गादीवर झोपणारी. काम: बाहेरच्या बोक्यावरचा राग बंड्यानं शेवंतीवर काढला, ते थांबवून दोघांना पुन्हा एकत्र आणणं.

१२ जुलै २०२५

सकाळी पावणेसात. बाहेरच्या काळ्या-पांढऱ्या बोक्यानं छज्ज्याखाली येऊन शेपूट थरथरवत काचेवर फवारा मारला आणि तिथंच बसला. बंड्या आत कट्ट्यावर. मिशा पुढं आलेल्या, बाहुल्या पूर्ण फाकलेल्या, कंबरेजवळची कातडी थरथरतेय, आवाज अजिबात नाही. शेवंती रोजच्यासारखी शेपूट उभी करून त्याला अंग घासायला आली. स्पर्श झाला मात्र, बंड्या तिच्यावर तुटून पडला. घरच्या ताईंनी सोडवायला हात घातला. मनगटाला चावा, दोन दात आत.

आधी माणसाचं. जखम वाहत्या नळाखाली साबण लावून १५ मिनिटं, घड्याळ बघून धुतली. हळद, चुना, कॉफी काहीही भरलं नाही, पट्टीही बांधली नाही. मांजराचा सुळा बारीक आणि लांब असतो. भोक वरून लगेच मिटतं, जंतू आत राहतात, आणि सांध्याजवळ चावा असेल तर २४ तासांत हात सुजतो. म्हणून त्याच दिवशी डॉक्टर. रक्त आलेला चावा रेबीजच्या हिशेबात तिसऱ्या श्रेणीत धरतात: लस, आणि ज्यांनी ही लस पूर्वी घेतलेली नाही त्यांना जखमेत इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन). दंडावरच्या लसीचे दिवस ०, ३, ७, १४, २८. धनुर्वाताच्या इंजेक्शनचंही विचारून घेतलं. बंड्याचं लसीकरणाचं कार्ड डॉक्टरांना दाखवलं, त्याच्यावर दहा दिवस नजर ठेवायची. पण 'मांजर घरचंच आहे' असं म्हणून आपल्या मनानं लस टाळायची नाही. ते डॉक्टर ठरवतील.

मांजरांचं. मोठा पुठ्ठा (फ्रिजच्या खोक्याची एक बाजू, साधारण ९० बाय ६०) दोघांच्या मधे सरकवला. नजरानजर तुटली, शेवंती कपाटावर गेली. पुठ्ठ्याच्या आडून बंड्याला मागच्या बेडरूममध्ये ढकलत नेलं. उचललं नाही, ओरडलं नाही, पाणी मारलं नाही. ओरडलं की त्याच्या दृष्टीनं भांडण आणखी मोठं होतं. पुठ्ठा हाताशी नसेल तर जाड चादर अंगावर टाकायची आणि चादरीसकट उचलून ठेवायचं.

बेडरूम: पडदे बंद, दिवा बंद, पंखा चालू. आत पाणी, वाळूचं घमेलं, एक उघडं खोकं. दार लावलं. 'राग गेला का बघू' म्हणून कोणीही दार उघडायचं नाही, ही सूचना कागदावर लिहून दारालाच चिकटवली. भडकलेलं मांजर अर्ध्या तासात शांत होईल ही आशा फोल असते. काही तासांत उतरतं, कधी दोन-दोन दिवस लागतात. मधेच कुरवाळायला गेलेल्या हाताला दुसरा चावा बसतो.

१३ जुलै

बंड्या रात्री जेवला, पहाटे अंग चाटत होता. दाराखालून मोबाइल सरकवून घेतलेल्या चित्रणात दिसलं. खाणं, अंग चाटणं, पाय ताणून आळस देणं, उजेडात बाहुल्या पुन्हा बारीक होणं: या चारही गोष्टी दिसल्याशिवाय 'शांत' म्हणायचं नाही. नुसतं गप्प बसणं धरत नाही. काल हल्ल्याच्या आधीही तो गप्पच होता.

दोघांना पशुवैद्यांकडे नेलं, वेगवेगळ्या वेळी, वेगळ्या पिंजऱ्यांतून. दवाखान्याचा वास अंगाला घेऊन आलेलं मांजर घरातल्या दुसऱ्याला परकं वाटतं आणि त्यावरूनही असेच हल्ले होतात. म्हणून परतल्यावर थेट आपापल्या खोलीत.

बंड्या: दात, कान, पाठ, मागचे सांधे दाबून तपासले, लघवी आणि रक्त दिलं. दुखणाऱ्या मांजराचा पारा आधीच चढलेला असतो, म्हणून हे सोडायचं नाही. सात-आठ वर्षांपुढचं मांजर असतं तर थायरॉइडही बघितलं असतं. सगळं ठीक.

शेवंती: शेपटीच्या मुळाशी केस कापल्यावर दोन भोकं दिसली. पळणाऱ्या मांजराला चावे मागं बसतात, उभं राहून लढलेल्याला तोंडावर आणि पुढच्या पायांवर. म्हणजे शेवंती लढलीच नाही. हे पुढं उपयोगी पडेल, तिची भीती वेगळी हाताळावी लागणार. जखम धुतली, अँटिबायोटिक सुरू. दोन ते पाच दिवसांत तिथं गाठ, गरमपणा किंवा पू दिसला तर परत दाखवायचं. घरातली तापाची गोळी देऊ नये. पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा मांजराच्या जिवावर बेतते. त्याच्या यकृताला ते औषध निकामी करता येत नाही आणि रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद जाते. आयब्युप्रोफेनलाही तोच नियम.

औषधांवर बोलणं झालं. फ्लुऑक्सेटीन (चिंता कमी करणारं रोजचं औषध; दिवसाला किलोमागे साधारण अर्धा ते एक मिलिग्रॅम, परिणाम दिसायला चार ते सहा आठवडे) तूर्त राखून ठेवायचं, कारण बंड्या एका रात्रीत खाली आला. तो बाहेर काही नसतानाही शेवंतीला शोधत फिरायला लागला किंवा शेवंती खाणं सोडून बसली तर पुन्हा विचार. सुरू केलंच तर भूक, शौच आणि लघवीवर लक्ष ठेवायचं, आणि बंद करायचं ते हळूहळू, पशुवैद्यांना विचारूनच.

१४ जुलै

भांडण या दोघांचं नाही. हे घरच्यांच्या गळी उतरवण्यात अर्धी दुपार गेली. बंड्याला बाहेरच्या बोक्यापर्यंत पोचता आलं नाही, जवळ शेवंती होती. गोष्ट तिथं संपली असती, पण पुढचं चक्र आता त्या बोक्यावाचूनही फिरतं: बंड्या दिसला की शेवंती पळते, ती पळाली की तो मागं लागतो, मागं लागला की ती आणखी घाबरते. म्हणून कामं दोन, आणि क्रमानं. आधी खिडकी, मग दोघांची नव्यानं ओळख. खिडकीचं काम अर्धवट असताना ओळख करून द्यायला घेतली तर आठवड्यांची मेहनत एका सकाळी पाण्यात जाते.

बाहेरचा बोका कधी आणि कुठून येतो हे शोधण्यासाठी जुना मोबाइल खिडकीत लावला आणि छज्ज्याखालच्या कोरड्या पट्ट्यात रांगोळीचा पातळ थर पसरला. पिठापेक्षा रांगोळी बरी, मुंग्या येत नाहीत. भिंतीवर टाकून उपयोग नाही, पहिल्या सरीत वाहून जाते.

संध्याकाळी अंधार करून जांभळ्या अतिनील टॉर्चनं भिंत आणि चौकट तपासली. लघवीचे डाग फिकट पिवळसर-हिरवे चमकतात. चौकटीखाली तीन, कट्ट्याच्या बाहेरच्या कडेला एक.

घरच्यांनी तिथं फिनाइल मारलं होतं. ते बंद. फिनाइलमधली फिनॉलवर्गी द्रव्यं मांजराला विषारी, पंज्याला लागून चाटण्यातून पोटात जातात. शिवाय उग्र वास आला की बोका त्यावर पुन्हा आपली सही करतो. अमोनिया असलेली काच-सफाईही नको, तिचा वास लघवीच्याच जातीचा. आमची पद्धत: एंझाइमवाली कपड्यांची पावडर पाण्यात १०० मिलीला १० ग्रॅम, डागावर घासून दहा मिनिटं, साध्या पाण्यानं दोनदा धुवायचं, वाळू द्यायचं, मग सर्जिकल स्पिरिटचा फवारा. वाळेपर्यंत मांजर लांब. रंगावर आधी कोपऱ्यात थोडं लावून बघायचं.

१६ जुलै

खिडकीला दुधी फिल्म लावली. दोन सरकती तावदानं, प्रत्येकी ६० बाय १२० सेंमी. खालचे ९० सेंमी झाकले. बंड्या कट्ट्यावर मागच्या पायांवर उभा राहिला तर त्याचे डोळे साधारण ६० ला येतात, वर थोडं हातचं राखलं. वरची ३० सेंमीची पट्टी उघडी, उजेड येतो.

काच आधी साबणानं, मग ब्लेडनं खरवडून, मग साध्या पाण्यानं. अर्धा लिटर पाण्यात शाम्पूचे तीन-चार थेंब, काच आणि फिल्मची चिकट बाजू दोन्ही चिंब. फिल्म चारी बाजूंनी सेंटिमीटरभर मोठी कापायची, काचेवर सरकवत बसवायची, रबरी पट्टीनं मधून कडांकडे पाणी काढायचं, शेवटी कडा कापायच्या. कडेला रबरापासून २ मिमी मोकळे सोडायचे, नाहीतर रबराखाली साचलेलं पाणी फिल्म उचलतं. सरकत्या खिडकीत आणखी एक फजिती होते: दोन तावदानांच्या मधे लोकरी ब्रशची पट्टी असते, ती मागच्या तावदानाच्या फिल्मची कड रोज घासून सोलते. त्या बाजूला फिल्म एक सेंटिमीटर आखूड ठेवली. पावसाळी हवेत चोवीस तास खिडकी सरकवू नये.

ब्राउन पेपर आणि चिकटपट्टी स्वस्त पडते, पण दमट हवेत दोन दिवसांत लोंबते, आणि लोंबणारा कागद मांजर फाडणार हे ठरलेलं.

फिल्म दिसणं थांबवते, वास थांबवत नाही. काच उघडी ठेवून नुसती डासांची जाळी लावलेली असेल तर फिल्म लावून न लावल्यासारखी. पहाटे साडेपाच ते साडेसात आणि रात्री नऊनंतर काच बंद, पंखा चालू.

खिडकी झाकली म्हणजे बंड्याची करमणूक गेली. ती भरून द्यावीच लागते, नाहीतर तो दुसरी खिडकी शोधतो. पुढच्या बेडरूममध्ये, जिथून फक्त आंब्याचं झाड आणि कावळे दिसतात, तिथं १८ मिमी प्लायची ३० सेंमी रुंद फळी दीड मीटरवर बसवली. तीन ब्रॅकेट, भिंतीत ८ मिमी प्लग. वर चढायला एक आणि उतरायला दुसरी वाट. एकाच वाटेची फळी म्हणजे कोंडी; वर बसलेलं मांजर खालच्याला येऊ देत नाही किंवा स्वतः अडकतं.

१९ जुलै

मोबाइल आणि रांगोळी दोन्ही एकच सांगतात: बोका सकाळी साडेसहाच्या सुमारास आणि रात्री साडेनऊनंतर येतो. वरच्या मजल्यावरच्या आजी त्याच वेळी मागच्या बाजूला दूध-पोळी ठेवतात.

आजी म्हणाल्या, "अगं, पण तो तिथंच येतो ना, त्याची सवय." खाऊ घालणं थांबवायला कोणी सांगितलंच नव्हतं. त्यांना एवढंच सुचवलं: "आजी, वाटी रोज दोन हात पुढं सरकवा. तो वाटीमागं जाईल." पार्किंगच्या पलीकडच्या कोपऱ्यापर्यंत न्यायची. एकदम नेली तर तो जुन्या जागी येऊन ओरडत बसतो, आणि ते ओरडणं बंड्याला ऐकू येतं. दुधाऐवजी उकडलेलं मासळीचं डोकं दिलंत तर त्याचं पोटही बिघडणार नाही, तेही सांगितलं.

सोसायटीतल्या एकाचा सल्ला: पोत्यात घालून लांब सोडून या. नाही. परक्या हद्दीत टाकलेला बोका मार खातो किंवा उपाशी मरतो, प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्याविरुद्ध १९६० चा कायदा आहे, आणि रिकाम्या झालेल्या जागी महिन्याभरात दुसरा बोका येतो. नसबंदी करून इथंच ठेवलेला बोका बरा.

२१ जुलै

वासाची अदलाबदल सुरू. मऊ सुती फडकं बंड्याच्या गालावर आणि हनुवटीखाली हलकेच फिरवायचं. ओळखीचा वास तिथल्या ग्रंथींत असतो. शेपटीकडे फिरवायचं नाही. ते फडकं शेवंतीच्या जेवणापासून एक मीटरवर. तिनं हुंगून जेवण चालू ठेवलं की पुढच्या वेळी एक वीत जवळ. फडकं बघून फिस्कारली तर मागं. शेवंतीचं फडकं बंड्याकडे त्याच पद्धतीनं.

दिवसातून एकदा खोल्यांची अदलाबदल, अर्धा तास. एक बाथरूममध्ये असताना दुसरं बाहेर, वाटेत गाठ पडू द्यायची नाही. शेवंतीला हॉल जास्त वेळ. मार खाल्लेल्याला कोंडून ठेवलं की तो आणखी बुजतो.

वाळूची घमेली तीन केली, तिन्ही वेगळ्या जागी. एका कोपऱ्यात शेजारी ठेवलेली दोन घमेली मांजराच्या लेखी एकच. बाजारातले डबे बंड्याला तोकडे पडतात. त्याच्या अंगाच्या दीडपट लांबी हवी, म्हणून बांधकामावरचं मोठं प्लॅस्टिकचं घमेलं. वाळू ५ ते ७ सेंमी. पावसात बेंटोनाइट (मांजराच्या वाळूची माती) ओल धरून चिखल होतो, उघडं पोतं डब्यात झाकून ठेवायचं.

फेरोमोनचं (मांजरांच्या ओळखीच्या वासासारखं द्रव्य) प्लगमध्ये लावायचं यंत्र हॉलमध्ये लावलं. यंत्र उभंच लागलं पाहिजे, तिरक्या अडॅप्टरमध्ये तेल गळतं. सोफ्यामागं किंवा पडद्याखाली लावलं तर फुकट. बाटली महिनाभर पुरते. याच्या परिणामाचा पुरावा संमिश्र आहे. हाताशी असेल तर लावावं, पण त्याच्या भरवशावर एकही पायरी गाळू नये.

२५ जुलै

बंद दाराच्या दोन बाजूंना जेवण. वाट्या दारापासून दोन-दोन मीटरवर, दिवसाला चार छोटी जेवणं. मीठ-मसाला नसलेली उकडलेली कोंबडी; कांदा-लसूण पडलेला रस्सा चालत नाही, तो मांजराच्या रक्तपेशी फोडतो. सलग दोन जेवणं गुरगुर नाही, तर वाटी २० सेंमी पुढं.

दाराखालची दोन बोटांची फट गोधडीची वळकटी करून बुजवली. फटीतून पंजे घालून खेळतायत असं घरच्यांना वाटतं. त्यातली एखादी झटापट खरी असते आणि तिचा वास दाराला दिवसभर राहतो.

३० जुलै

बोक्यासाठी पिंजरा लावला. तळाला वर्तमानपत्र, पायाला तार लागली की बोका मागं फिरतो. आमिष भाजलेला सुका बोंबील, पायपट्टीच्या (पाय पडला की दार पाडणाऱ्या पट्टीच्या) पलीकडे, टोकाला. पाऊस लागून राहिला. ओल्या पिंजऱ्यात कोणी शिरत नाही, आणि मुंग्यांनी बोंबील आमच्या आधी शोधला. उघडीप मिळेपर्यंत पिंजरा आत.

२ ऑगस्ट

जाळीचं दार तयार. बेडरूमच्या चौकटीत ७५ बाय २०० सेंमी. एक बाय दोन इंची रिपा, अर्धा इंची वेल्डेड जाळी, दोन बिजागऱ्या, बाहेरून कडी. जाळी बंड्याच्या बाजूनं ठोकायची: तो ढकलेल तेव्हा जाळी रिपांवर दाबली जाते, पलीकडून ठोकली तर त्याच धक्क्यानं स्टेपल उपटतात. खालची फट दोन सेंटिमीटरच्या आत. डासांची नायलॉन जाळी एका नखात फाटते, आणि लहान मुलांसाठीचं अर्ध्या उंचीचं गेट मांजर धावता-धावता ओलांडतं.

जाळीवर जुनी चादर, वरून क्लिपा. चादर खालून दहा सेंटिमीटर उचलायची, आधी फक्त पंजे दिसतील एवढी. वाट्या परत दोन मीटरवर.

५ ऑगस्ट

चादर २० सेंमीवर. शेवंती खाली वाकून खाता-खाता थांबली, बंड्यानं मान खाली घालून पलीकडे बघितलं. दोघं गोठल्यासारखी. बंड्याच्या शेपटीचं फक्त टोक हलत होतं. धोक्याची खूण हीच, गुरगुर नंतर येते. टक लावून बघणं तीन सेकंदांपलीकडे गेलं की मधे पुठ्ठा किंवा बाजूला एक तुकडा टाकून मान वळवायची. नावानं हाक मारून दटावलं तर त्याच्या लेखी शेवंती दिसणं आणि दटावणी यांची जोडी बसते. पुठ्ठा घातला, जेवण संपवलं, चादर परत दहावर.

८ ऑगस्ट

पहाटे बोक्यानं भिंतीवर फवारा मारला. बंड्याला दिसला नाही, पण तासभर खिडकीच्या फटीशी नाक लावून बसला. जाळीची भेट आज रद्द, फक्त बंद दाराशी जेवण. बोका येऊन गेला, घरात सुतार आला, दवाखाना झाला, अशा दिवशी भेट नाही. एक चीड उतरायच्या आत दुसरी चढते आणि मग एवढ्याशा निमित्तानं स्फोट होतो. हा नियम घरच्यांना सर्वांत जड जातो, कारण 'दोघं तर छान दिसतायत'.

१७ ऑगस्ट

उघडीप. रात्री बोका पिंजऱ्यात. लगेच पिंजऱ्यावर चादर टाकली. अंधार झाला की धडपड थांबते. सकाळी नसबंदी, डाव्या कानाचं टोक सेंटिमीटरभर कापून खूण, रेबीजची लस. एक रात्र ठेवून जिथून धरला तिथंच सोडणार. संप्रेरकं काही दिवसांत उतरतात, पण फवारा मारण्याची आणि भटकण्याची सवय काही आठवडे टिकते. काही बोके थोडाफार फवारा कायम मारतात. फिल्म आणि धुणं चालूच.

२४ ऑगस्ट

चादर पूर्ण वर, वाट्या जाळीपासून प्रत्येकी ३० सेंमीवर, टक लावणं नाही. शेवंती खाल्ल्यावर जाळीकडे पाठ करून अंग चाटत बसली. पाठ करून बसणं ही या महिन्यातली सर्वांत चांगली नोंद.

२६ ऑगस्ट ते ६ सप्टेंबर

उद्यापासून गणपती. चौकातल्या मंडळाचं ढोल-ताशा पथक, घरी आरती, घंटा, धूप, पाहुण्यांची ये-जा. अनंत चतुर्दशीपर्यंत जाळीची भेट बंद, चादर खाली. संध्याकाळी पाचपासून दोघं वेगळ्या बेडरूममध्ये, पंखा आणि टीव्हीचा एकसुरी आवाज. खोलीच्या दारावर पाटी: 'उघडू नका'. लहान मुलांना मांजर दाखवायला दार उघडणारा एक काका प्रत्येक घरात असतो. बंद दाराशी जेवण मात्र रोज. काम फारसं मागं जात नाही, थांबतं एवढंच.

८ सप्टेंबर

दोन पायऱ्या मागून सुरुवात: चादर अर्धी, वाट्या मीटरभर लांब. आठवड्याच्या आत पुन्हा पूर्ववत व्हावं.

१५ सप्टेंबर

जाळीचं दार उघडलं. तयारी: दोघांची नखं कालच कापली, शेवटचं जेवण चार तासांपूर्वी, काचा बंद, बाथरूमचं दार बंद, कपाटावर जायची वाट मोकळी, दोन माणसं, दोन काठ्यांची खेळणी, पुठ्ठा हाताशी. दोन टोकांना वाट्या. पाच मिनिटं. जेवण संपायच्या आत पुठ्ठ्याआडून परत आपापल्या जागी. चांगलं चाललंय म्हणून सहावं मिनिट घ्यायचा मोह होतो, तिथंच बिघडतं.

पुढं पाच, दहा, वीस मिनिटं. खेळणी दोन माणसांकडेच, एकाच काठीमागं दोघं धावली की धडक होते. शेवटी नेहमी खाणं: पाठलाग, पकड, जेवण, अंग चाटणं, झोप हा मांजराचा स्वाभाविक क्रम पूर्ण होऊ द्यायचा. दोघांना मांडीवर शेजारी बसवून 'दोस्ती' करवायची नाही.

२ ऑक्टोबर

दसरा. दिवसभर दार उघडं, माणसं घरात असतील तेवढा वेळ. शेवंती एकदा पळाली, बंड्या दोन पावलं गेला आणि थांबला. रात्री अजून वेगळी. दोन आठवडे टक लावणं आणि पाठलाग दोन्ही नाहीत, मगच रात्र एकत्र.

आजींची वाटी पार्किंगपलीकडे पोचली. रांगोळीत बोक्याचे ठसे तुरळक.

११ ऑक्टोबर

फटाक्यांची तयारी. पशुवैद्यांनी दोघांना गॅबापेंटिन (भीती कमी करणारं, गुंगी आणणारं औषध) लिहून दिलंय. मांजराला साधारण ५० ते १०० मिलिग्रॅम, आवाजाच्या दोन तास आधी. वजन आणि मूत्रपिंड बघून डोस तेच ठरवतात. आज शांत दिवशी एकदा देऊन बघितलं. बंड्या चार तास डुलत चालला, उंच फळीवरून पडू नये म्हणून खाली गादी. शेवंतीचा डोस कमी करून घेतला. आयत्या वेळी पहिल्यांदा द्यायचं औषध हे नाही. कडवट पूड थोड्या चिकनच्या सारात. असिप्रोमाझीन हे गुंगीचं औषध दिलेलं नको होतं आणि दिलेलं नाही: अंग ढिलं पडतं, भीती तशीच राहते, आणि घाबरलेलं मांजर अवचित चावतं. डायझेपामच्या गोळ्याही नाहीत; क्वचित का होईना, मांजराचं यकृत त्यानं कायमचं जातं.

१९ ऑक्टोबर

उद्या नरक चतुर्दशी. पहिले फटाके पहाटे चार-साडेचारला, म्हणून औषध रात्री अडीचला, गजर लावून. परवा लक्ष्मीपूजन, औषध संध्याकाळी पाचला. दोघं आजपासून भाऊबीजेपर्यंत वेगळ्या खोल्यांत, जाळीचं दार बंद, चादर खाली. खोलीत उघडं खोकं, पडद्यांवर गोधडी टाकून आवाज कमी. माळ फुटत असताना घाबरलेल्या मांजराला खोक्यातून ओढून काढायचं नाही.

२५ ऑक्टोबर

हल्ला नाही. बंड्या लक्ष्मीपूजनाच्या रात्री जेवला नाही, पाडव्याला सकाळी जेवला. शेवंती दोन दिवस खोक्यात, लघवी-शौच नीट. आज जाळीतून भेट, चादर पूर्ण वर, काही नाही. उद्या दार उघडणार, पंधरा मिनिटांपासून.

रांगोळीत नवे ठसे, आकारानं लहान. मोबाइलमध्ये राखाडी भाटी दिसते, कान अखंड, म्हणजे नसबंदीची खूण नाही. थंडी सरताना ती माजावर आली तर गल्लीतले सगळे बोके या भिंतीवर. सोमवारपासून पिंजरा. पोटुशी असण्याची शक्यता पशुवैद्यांना आधीच कळवली.

जाळीचं दार काढायचं नाही. मार्च संपेपर्यंत बिजागऱ्यांवरच राहू दे. पुठ्ठा भिजून मऊ पडलाय, नवा आणायचा.